तोडणी यंत्र रानात येण्यापूर्वी



गळीत हंगाम तोंडावर आला की गट ऑफिसात एकच प्रश्न ऐकू येतो, "साहेब, आमच्या फडाला टोळी की मशीन?" पूर्वी हा प्रश्नच नव्हता. दसरा-दिवाळी झाली की बीड, पाथर्डीकडचे कोयते यायचे आणि फड मोकळे व्हायचे. आजही येतात, पण पुरत नाहीत. त्यांची लेकरं शिकू लागली. आपल्या पोरांनी डोक्यावर मोळी वाहू नये असे आईबापाला वाटते, त्यात वावगे काय? तेव्हा यंत्र येणारच. मात्र टोळी जशी सांभाळून घेते तसे यंत्र घेत नाही. वाकडी सरी, ओले रान, सरीतला दगड, यातून माणूस वाट काढतो. यंत्राला रान तयारच लागते, आणि ती तयारी लागणीच्या दिवसापासून सुरू होते.

पहिली गोष्ट सरीची. पाच फूट, निदान साडेचार फूट अंतर पाहिजे. अडीच-तीन फुटी सरीत यंत्राची चाके बुडख्यावरून जातात आणि खोडवा तिथेच मरतो. सरी रानाच्या लांबीकडून काढावी, म्हणजे यंत्राच्या फेऱ्या कमी होतात. दोन्ही टोकांना वळायला पंधरा-वीस फूट जागा ठेवावी. "एवढी जागा पडीक टाकायची का?" असे सभासद विचारतात. पडीक कशाला, तिथे हंगामापूर्वी निघणारे चाऱ्याचे पीक घ्या. तोडणीपूर्वी पंधरा-वीस दिवस पाणी बंद ठेवावे. ओल्या रानात यंत्र आणि भरलेली ट्रॉली फिरली की जमीन अशी दबते की पुढे पहार घातली तरी आत जात नाही. ठिबकच्या नळ्या गुंडाळून बाहेर घ्याव्यात. राहिलेली नळी पात्यात गुंडाळते, आणि मग नळीही गेली व अर्धा दिवसही गेला.

आता बुडख्याविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण सभासदांचे सर्वांत जास्त नुकसान इथे होते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. उसाच्या बुडाकडच्या कांड्यांत साखर जास्त असते, शेंड्याकडे कमी. एकरी चाळीस हजार ऊस धरा. प्रत्येकाचा तीन इंच बुडखा रानात राहिला आणि त्याचे वजन चाळीस ग्रॅम धरले, तर एकरी सोळाशे किलो होतात. दीड टनावर ऊस आपण आपल्याच रानात सोडून आलो! शिवाय वर राहिलेल्या डोळ्यांतून फुटवे जमिनीच्या वर फुटतात, त्यांची मुळे जमिनीत नीट धरत नाहीत आणि खोडवा हलका पडतो. याचा दोष नुसता चालकाला देऊन चालणार नाही. भरणी एका ठिकाणी उंच, एका ठिकाणी सपाट असली तर चालक पाते कुठल्या उंचीला लावणार? भरणी सारखी असावी, म्हणजे पाते जमिनीलगत चालते. पाती बोथट असली तर बुडखा कापला न जाता फाटतो किंवा उपटून येतो. पहिल्या दोन सऱ्या तुटल्या की स्वतः वाकून बुडखे पाहावेत. फाटलेले दिसले तर पाती बदलायला सांगावे. संकोच करू नये.

दुसरी पाहणी पंख्याची. पाचट बाहेर फेकणारा पंखा हळू फिरला तर पाचट ट्रॉलीत जाते. जास्त वेगाने फिरला तर पाचटाबरोबर उसाचे तुकडेही उडतात. दहा फूट बाय दहा फूट जागेतले पाचट उचलून पाहा. ओला चुरा व कांड्या जास्त दिसल्या तर चालकाला सांगून पंखा कमी करून घ्यावा.

यंत्राजवळच्या माणसांविषयी लिहिणे मात्र आम्हाला जड जाते. दोन हंगामांपूर्वी एका फडात रोलरमध्ये ओले पाचट अडकले. इंजिन चालूच होते. मदतनीस पोरगा हाताने पाचट ओढायला गेला. चालकाला वाटले तो बाजूला झाला. पोराची दोन बोटे गेली. आम्ही बांधावरच उभे होतो आणि ओरडलो नाही, कारण रोज असेच चालते असे आम्हालाही वाटत होते. त्या दिवसापासून आमचा नियम एकच आहे: इंजिन बंद, किल्ली खिशात, मगच हात आत. आपल्या फडात कोणी हा नियम मोडला तर काम थांबवावे. रान आपले आहे, तो अधिकार आपल्याला आहे.

तसेच विजेच्या तारा. ट्रॉली भरणारा पट्टा उंच उचलला जातो. फडावरून लोंबती तार गेली असेल तर हंगामापूर्वीच वीज कंपनीकडे लेखी अर्ज द्यावा, त्याची प्रत गट ऑफिसात द्यावी आणि यंत्र आले की चालकाला ती जागा स्वतः नेऊन दाखवावी. रात्रीची तोडणी अशा फडात नकोच. ऊस पाहायला लहान मुले गोळा होतात, त्यांना बांधापलीकडे ठेवावे.

यंत्राने ऊस तुकड्यांत निघतो. तुकड्याला दोन्ही टोके उघडी, त्यामुळे तो अख्ख्या उसापेक्षा लवकर आंबतो. म्हणून भरलेली ट्रॉली रानात उभी राहता कामा नये. त्याच दिवशी गव्हाणीला गेली पाहिजे. ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्टी नसेल तर ती रानातून रस्त्यावर जाऊ देऊ नये.

पाचट यंत्र रानभर पसरते, ही त्याची चांगली बाजू. ते पेटवू नका. एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. मात्र १५ फेब्रुवारीनंतर तुटलेल्या फडाचा खोडवा ठेवू नये.

ज्यांची सरी साडेचार फुटांची किंवा त्याहून रुंद आहे त्यांनी गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख आणि फडावरून तार जाते की नाही, एवढे लिहून आपल्या गट ऑफिसात द्यावे. आमचे कर्मचारी रान पाहायला येतील, त्या वेळी आपण स्वतः हजर राहावे.