दुसरं मूल आणि दात्रीचं स्त्रीबीज



गेल्या महिन्यात चिंचपाड्यातली एक ताई फाइल घेऊन घरी आली. वय ४१, मुलगी अकरा वर्षांची, दुसऱ्यासाठी चार वर्षं प्रयत्न. दवाखान्यात सांगितलेलं, "तुमची बीजं संपत आलीत, दात्रीचं बीज घ्या." नवरा म्हणतो, खोली गहाण टाकू. सासू म्हणते, मग ते मूल आपलं कसं? तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

आधी कारण शोधा

पहिलं झालं म्हणजे दुसरं होईलच असं नसतं. बाई जन्मताना आपली सगळी बीजं घेऊनच येते. पस्तिशीनंतर त्यांची संख्या आणि दर्जा झपाट्याने घटतो. पण प्रत्येक वेळी कारण बीजच नसतं. बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर झालेल्या जंतुसंसर्गाने नळ्या बंद होतात. टीबीनेही होतात, आणि टीबी आपल्या वस्त्यांना नवा नाही. थायरॉइड असतो. नवऱ्याच्या वीर्यात दोष असू शकतो. ती तपासणी सोपी आणि स्वस्त आहे, म्हणून ती आधी करा. वर्षभरात, आणि पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिन्यांत, दिवस राहिले नाहीत तर दोघांनी मिळून पालिकेच्या रुग्णालयातली स्त्रीरोग ओपीडी गाठा.

उपचार कसा होतो

दात्रीला दहा-बारा दिवस इंजेक्शनं देतात, भूल देऊन सुईने बीजं काढतात. प्रयोगशाळेत नवऱ्याच्या शुक्राणूशी त्यांचा संयोग करून गर्भ तुमच्या गर्भाशयात सोडतात. हे नवं नाही. डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९८६ मध्ये टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, आणि १९९१ मध्ये दात्रीच्या बीजापासूनचं बाळही त्यांनीच जन्माला आणलं.

यश दात्रीच्या वयावर बरंच अवलंबून असतं, तरी खात्री कुणीच देऊ शकत नाही. पहिल्या खेपेला अपयश येणं नेहमीचं आहे. चाळिशीतल्या अशा गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त, म्हणून बीपी, साखर, हिमोग्लोबिन आधीच तपासून घ्या.

मूल कुणाचं?

२०२१ चा एआरटी कायदा स्पष्ट सांगतो: मूल उपचार घेणाऱ्या जोडप्याचंच, दात्रीचा त्यावर हक्क नाही. कायद्याआधीच्या एका प्रकरणात धाकट्या बहिणीने थोरलीसाठी बीज दिलं होतं, सरोगसीतून जुळ्या मुली झाल्या. पुढे नवरा मुलींना घेऊन वेगळा झाला आणि बीज देणाऱ्या बहिणीचाही हक्क आहे असं म्हणू लागला. आईला मुलींना भेटण्याची परवानगी बेलापूरच्या न्यायालयाने नाकारली. ऑगस्ट २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने ती दिली आणि सांगितलं की बीज दिल्याने कुणी कायदेशीर आई होत नाही. सासूबाईंनाही हेच सांगा: नऊ महिने पोटात वाढवते, रात्री जागते, ती आई.

दात्री आपल्याच वस्तीतली असते

ही बाजू कुणी बोलत नाही. "इंजेक्शनं घे, पैसे मिळतील" म्हणणारे एजंट गरीब पोरींनाच गाठतात. कायद्याने बीज विकणं गुन्हा आहे. दात्री २३ ते ३५ वयाची हवी, आयुष्यात एकदाच, आणि तिची सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत. तिचा विमा उतरवावा लागतो. जास्त बीजांच्या हव्यासाने औषधाचा डोस वाढवला तर पोटात पाणी भरतं, श्वास अडकतो, जिवावर बेतू शकतं. म्हणून उपचार घेणाऱ्याने विचारावं: दात्री नोंदणीकृत बँकेतून आली का, विमा आहे का?

सही करण्याआधी

दवाखान्याची एआरटी नोंदणी पाहा. एका खेपेचा औषधांसह पूर्ण खर्च लेखी मागा. अपयश आलं तर पुढे काय, तेही विचारा. "मुलगाच देतो" म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिरा, तो गुन्हा आहे. खोली गहाण टाकून उपचार सुरू करू नका, कारण हाताशी असलेल्या लेकराचं शिक्षणही त्याच खोलीवर उभं असतं.

ताईच्या नवऱ्याची तपासणी आजवर झालीच नव्हती. पुढच्या आठवड्यात दोघं ओपीडीत जाणार आहेत. त्यानंतर दात्रीचं बीज घ्यायचं, मूल दत्तक घ्यायचं की एकाच लेकीवर समाधान मानायचं, हे तिनं ठरवावं. शरीर तिचं आहे.