कमी चाललेली जुनी गाडी : आधी काय बदलावे?

प्रश्न : २०१८ची, फक्त ६,००० किलोमीटर चाललेली कार्ब्युरेटरची मोटरसायकल घेतली. लगेच सर्व्हिसिंग लागेल का? – एक वाचक, गेवराई

उत्तर : हो. गाडी उभी असली तरी रबर आणि ऑइल वयाने खराब होतातच. टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा. '३५१८' म्हणजे २०१८चा ३५वा आठवडा. भेगा असतील तर टायर-ट्यूब बदला. इंजिन ऑइल बदला, जुने पेट्रोल काढून कार्ब्युरेटर साफ करून घ्या. आपल्याकडच्या धुळीत एअर फिल्टरही पाहा. डिस्क ब्रेकचे ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलतात. चेन, बॅटरी तपासा. चासी क्रमांक आरसीशी ताडून ३० दिवसांत आरटीओत नावबदलाचा अर्ज करा. ही दुरुस्तीची कामे होईपर्यंत धुळे-सोलापूर महामार्गावर गाडी पळवू नका.