नोंद पुसली म्हणजे संपते का?

(बी. ए. भाग २)

संगणकाच्या जगात धोक्यांच्या याद्या ठेवतात. कोणत्या पत्त्यावरून हल्ला झाला, कोणती फाईल घातक, कोणते संकेतस्थळ फसवे, अशा असंख्य नोंदी त्यांत असतात. वडशाहून कॉलेजात आलेला मी आमच्या घरातील पहिलाच. इतिहास वाचताना मला जाणवले की, अशा याद्यांचा प्रश्न आपल्या देशाला नवा नाही.

प्रथम संगणकाचे पाहू. आज घातक ठरलेला पत्ता उद्या एखाद्या निरपराध माणसाच्या वाट्याला येतो. म्हणून शिळ्या नोंदी काढाव्या लागतात. एका प्रणालीने दुसरीला काम सांगण्याची जी ठराविक रीत, तिला एपीआय म्हणतात. तिच्यातून नोंदींचे क्रमांक किंवा निवडीची अट पाठविली की हजारो नोंदी एकदम जातात. म्हणून त्याच अटीत किती नोंदी बसतात, हे आधी मोजावे. अट चुकून रिकामी राहिली तर सारीच यादी जाण्याचा संभव असतो. गठ्ठे लहान ठेवावेत व प्रत्येकाचे उत्तर तपासावे. 'विनंती स्वीकारली' म्हणजे 'काम झाले' नव्हे.

सर्वांत महत्त्वाचे असे की, नोंदींच्या प्रती इतर संस्थांकडे गेलेल्या असतात. इकडून समूळ काढलेली नोंद पुढच्या देवाणघेवाणीत तिकडून परत येऊ शकते. म्हणून 'मिस्प' या प्रणालीत नोंद नष्ट न करता तिच्यावर 'रद्द' असा शिक्का ठेवण्याची सोय आहे. तो शिक्का इतर प्रतींपर्यंत पोहोचतो.

आता इतिहास. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सबंध जमातीच धोकादायक ठरविल्या. नावे नोंदली, हजेरी लावली, पुढे बोटांचे ठसे घेतले. जन्म हाच पुरावा! अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. एका आज्ञेने लाखो माणसे यादीतून सुटली. प्रती मात्र उरल्या. राज्यांनी सराईत गुन्हेगारांचे कायदे केले. त्यांत जमातीऐवजी व्यक्ती धरली गेली खरी, पण संशयाची नजर जुन्याच वस्त्यांवर राहिली. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'त (१९८७) तीच नजर भेटते. तुरुंगांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढा, असे सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सांगावे लागले. मधे ७२ वर्षे गेली!

मग जुने सारे विसरावे का? मला तसे वाटत नाही. 'विमुक्त' हा शब्द म्हणजे तोच 'रद्द'चा शिक्का होय. नोंद चुकीची होती, हे तो सांगतो. मात्र हा शिक्का माणसाच्या कपाळी नको, यादीच्या माथी हवा. यादी पुसणारा हात एक असला, तरी प्रती सर्वांकडे आहेत. आपल्या मनातील प्रत ज्याने त्याने रद्द करावयाची आहे.