गुरूचे चार मोठे चंद्र

आकाशातील सर्व ज्योती पृथ्वीभोवतीच फिरतात, ही समजूत युरोपात शतकानुशतके दृढ होती. गुरू ग्रहाच्या चार मोठ्या चंद्रांच्या शोधाने तिला जबर धक्का दिला.

इटलीतील पादुआ येथे गणिताचे प्राध्यापक असलेल्या गॅलिलिओ गॅलिली यांनी ७ जानेवारी १६१० रोजी स्वतः तयार केलेल्या दुर्बिणीतून गुरूचे निरीक्षण केले. ग्रहाजवळ तीन लहान तारे एका रेषेत दिसले. ते स्थिर तारेच असावेत, असे त्यांना प्रथम वाटले. परंतु पुढील रात्री त्यांच्या जागा बदललेल्या आढळल्या. १३ जानेवारीस चौथा बिंदू दिसला. रोजच्या नोंदींवरून हे बिंदू गुरूभोवती फिरतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला व त्याच वर्षी मार्चमध्ये तो व्हेनिस येथे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. आयो, युरोपा, गॅनिमीड व कॅलिस्टो ही आजची नावे मात्र जर्मन ज्योतिषी सायमन मारियस यांच्या १६१४ च्या ग्रंथातील आहेत.

पृथ्वी सूर्याभोवती फिरत असती, तर तिचा चंद्र मागे पडला असता, असा त्या काळी आक्षेप घेतला जाई. गुरू तर फिरतो, हे सर्वांनाच मान्य होते. तरीही त्याचे चार चंद्र त्याची साथ सोडत नाहीत, हे आता डोळ्यांना दिसले. पृथ्वीच्या भ्रमणाचा हा पुरावा नव्हे. परंतु त्यातील एक मोठी अडचण त्यामुळे दूर झाली. सूर्यकेंद्री मताचा पुरस्कार केल्याबद्दल १६३३ मध्ये गॅलिलिओ यांना धर्मपीठाच्या न्यायासनाने दोषी ठरविले. चंद्रांचे भ्रमण त्यामुळे थांबले नाही.

या चंद्रांनी पुढेही विज्ञानाची सेवा केली. पृथ्वी गुरूपासून दूर जात असताना आयोची ग्रहणे अपेक्षेपेक्षा उशिरा दिसतात, हे पाहून १६७६ मध्ये ओले रोमर यांनी प्रकाशाला प्रवासास वेळ लागतो, असे दाखवून दिले.

चौघांचे स्वरूप भिन्न आहे. गुरूला सर्वांत जवळचा आयो सुमारे पावणेदोन दिवसांत एक फेरी पूर्ण करतो. गुरूच्या कमीअधिक ओढीमुळे त्याचे अंतरंग सतत घुसळले जाऊन तापते. १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ यानाने त्यावरील जागृत ज्वालामुखी टिपले. युरोपा हिमकवचाने आच्छादलेला असून त्याखाली खाऱ्या पाण्याचा महासागर असल्याचा भक्कम पुरावा मिळाला आहे. ५,२६८ किलोमीटर व्यासाचा गॅनिमीड सूर्यमालेतील सर्वांत मोठा उपग्रह होय. तो बुध ग्रहाहूनही मोठा असून त्याला स्वतःचे चुंबकीय क्षेत्र आहे. कॅलिस्टोचा पृष्ठभाग विवरांनी भरलेला व अतिप्राचीन आहे.

जेथे पाणी, तेथे जीवनास अनुकूल परिस्थिती असू शकेल, या विचाराने युरोपीय अवकाश संस्थेने २०२३ मध्ये ‘ज्यूस’ व अमेरिकेने २०२४ मध्ये ‘युरोपा क्लिपर’ ही याने गुरूकडे पाठविली आहेत.

हे चारही चंद्र साध्या द्विनेत्री दुर्बिणीतूनही, ती स्थिर आधारावर ठेवल्यास, दिसू शकतात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून लागोपाठ आठ-दहा रात्री त्यांच्या जागांची चित्रे काढून घ्यावीत. ऐकीव मतापेक्षा स्वतः केलेली नोंद अधिक विश्वसनीय असते, हा पाठ त्यांना पुस्तकाविनाच मिळेल.