शाखाबदलाच्या भरवशावर

“आत्ता सिव्हिल घेऊ. कॉलेज नावाजलेलं आहे. पहिल्या वर्षी जोर लावला की कॉम्प्युटर मिळून जाईल.” इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवत असल्यामुळे प्रवेशाच्या दिवसांत हे वाक्य मला दरवर्षी ऐकायला मिळतं. बोलणारे बहुधा आई किंवा बाबा असतात. ज्याला जोर लावायचा आहे तो शेजारी गप्प उभा असतो. म्हणून आज तुमच्याशी थोडं मोकळेपणाने बोलते.

मुळात कॉम्प्युटरची जागा रिकामी कशी होते ते बघा. तिथला एखादा मुलगा प्रवेश रद्द करून दुसरीकडे जातो, किंवा पहिल्या वर्षातच अडकतो, तेव्हा. स्वतःहून ती शाखा सोडून मेकॅनिकलला जाणारा मला तरी क्वचितच भेटला. म्हणजे जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि मागणारे सगळ्या शाखांतले. त्यांची यादी लागते पहिल्या दोन सत्रांच्या सीजीपीएवर. एखादा विषय राहिला असेल तर बहुतेक ठिकाणी अर्जच करता येत नाही. काही संस्थांत आणखी एक अट असते: तुम्ही सोडून जाणार त्या शाखेतली मुलांची संख्याही ठरावीक मर्यादेखाली जाता कामा नये. शिवाय डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांचा प्रवाह वेगळाच.

एक नियम तर फार थोड्या पालकांना माहीत असतो. शिक्षण शुल्क माफी योजनेतून, म्हणजे टीएफडब्ल्यूएसमधून, प्रवेश घेतला असेल तर पुढे शाखा किंवा संस्था बदलता येत नाही. फी वाचली म्हणून पेढे वाटणाऱ्या घरात एक वर्षाने हा नियम कळतो, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आयआयटीत तरी मिळतंच ना, असं विचाराल. तिथेही दार अरुंदच होतं, आणि गेल्या काही वर्षांत मुंबई आणि हैदराबादसारख्या आयआयटींनी ते बंदच करून टाकलं. पहिल्या वर्षाच्या मुलांवर येणारा ताण हे त्यामागचं मोठं कारण. मला हा निर्णय पटतो. कुणी म्हणेल, कष्टाळू मुलाची संधी गेली. गेली खरी, पण त्या एका संधीपायी वर्गातल्या बाकीच्यांचं वर्ष कसं जातं ते मी जवळून पाहते.

जेईई, सीईटीची दोन वर्षं घासून आलेलं मूल असतं. त्याला वाटलेलं असतं, आता जरा श्वास घेऊ. तर घरून निरोप, की खरी परीक्षा आत्ताच आहे. मग ते रोबोटिक्सच्या क्लबात जात नाही, नाटकाच्या एकांकिकेत नाही, खेळात नाही. पेपर दाखवायच्या दिवशी अर्ध्या गुणासाठी माझ्या टेबलाशी ताटकळतं. नोट्स मित्रालाही देत नाही, कारण मित्रही त्याच यादीत आहे. ग्राफिक्सचं शीट एका रेषेने चुकलं तरी डोळ्यांत पाणी. मुलं वाईट नसतात हो. आपण त्यांना पुन्हा एका प्रवेश परीक्षेला बसवलेलं असतं, एवढंच.

आणि यादी लागते. ज्यांचं नाव लागलं नाही, त्यांचं दुसरं वर्ष सगळ्यात अवघड. वर्षभर ज्या शाखेला ‘तात्पुरती’ म्हटलं, तीच आता आणखी तीन वर्षं. तिसऱ्या सत्रात थर्मोडायनॅमिक्स आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स समोर येतात, आणि हे मूल मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात हरलेलं असतं. सिव्हिल किंवा मेकॅनिकलमध्ये काही कमी नसतं. कमीपणा आपण घरात पेरलेला असतो, नातेवाइकांना सांगताना ओशाळून.

संगणकाची खरी ओढ असलेली मुलंही असतात, हे मी नाकारत नाही. त्यांच्यासाठी शाखाबदलाखेरीज वाटा आहेत. अनेक कॉलेजांत अठरा-वीस जादा क्रेडिट्स घेऊन कॉम्प्युटर किंवा डेटा सायन्समध्ये मायनर पदवी करता येते. दुसऱ्या शाखेचा पदवीधर एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या ‘गेट’ परीक्षेत कॉम्प्युटर सायन्सचा पेपर देऊ शकतो, 2024 पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपरही आला आहे. आयआयटी मद्रासची डेटा सायन्समधली ऑनलाइन बीएस पदवी तर दुसरी पदवी चालू असतानाही करता येते. कष्ट आहेतच, पण वर्गमित्राशी स्पर्धा नाही.

ऑप्शन फॉर्म भरताना मुलाला एकट्याला बसवून एकच विचारा: शाखा बदलून मिळालीच नाही, तर ही शाखा चार वर्षं चालेल का? ‘हो’ म्हणाला तर मोठं कॉलेज बिनधास्त घ्या. ‘नाही’ म्हणाला तर थोड्या कमी नावाच्या कॉलेजातली कॉम्प्युटरची जागा वर टाका, चारचौघांत नाव सांगताना तुम्हाला कितीही जड गेलं तरी. राज्याच्या प्रवेश फेऱ्यांत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप पक्की होते, हेही ध्यानात असू द्या. आयआयटी, एनआयटींच्या प्रवेशासाठीच्या ‘जोसा’च्या फेऱ्यांत असाल तर ‘स्लाइड’चा पर्याय समजून घ्या, त्याच संस्थेतली वरच्या पसंतीची शाखा पुढच्या फेऱ्यांत मिळण्याची शक्यता त्यातून खुली राहते. शाखा बदलायचीच असेल तर ती तिथे बदला, वर्ष पणाला लावून नको.

आणि तरीही शाखाबदलाचाच विचार असेल, तर कॉलेजच्या कार्यालयात जाऊन गेल्या तीन वर्षांत कॉम्प्युटरला किती जणांना बदल मिळाला आणि शेवटच्या मुलाचा सीजीपीए किती होता, ते विचारा. प्रवेशाच्या टेबलावर बसलेल्या माणसाच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. यादी डोळ्यांनी पाहा, आणि मगच फी भरा.