शांततेसाठी भूमी सोडता येते का?

प्रश्न : शांतता मिळणार असेल तर इस्राएलची भूमी सोडायला ज्यू धर्मशास्त्र परवानगी देते का?

उत्तर : धर्मगुरूंमध्ये एकवाक्यता नाही. सेफार्दी प्रमुख धर्मगुरू ओवादिया योसेफ यांनी १९७९ मध्ये, इजिप्तशी करार झाला त्या सुमारास, होकार दिला. प्राणरक्षण जवळजवळ सर्व आज्ञांहून मोठे; त्यामुळे युद्ध टळणार असेल तर भूमी देता येते. टळेल की नाही, हे मात्र सेनानींनी आणि राजकारणातल्या जाणकारांनी सांगावे. योम किप्पूर या प्रायश्चित्तदिनाच्या उपवासात रोग्याने खावे का, हे वैद्यच ठरवतो ना, तसे.

धार्मिक झायोनिस्टांचे नेते, धर्मगुरू झ्वी येहुदा कूक यांना हे अमान्य. त्यांचा आधार असा : भूमीवर ताबा ठेवणे ही धर्मपंडित नाहमानिदीजने तेराव्या शतकात आज्ञाच मानली होती. लुबाविच या हसिदी पंथाच्या प्रमुखांनी, म्हणजे रेब्बेंनी तर प्राणरक्षणाचाच नियम उलटा फिरवला : शत्रू सीमेवरच्या गावावर केवळ गवत-पेंढ्यासाठी चालून आला, तरी शब्बाथलाही, म्हणजे विश्रांतीच्या पवित्र दिवशीही, शस्त्र उचलावे, असे ‘शुल्खान आरूख’ हा धर्मनियमांचा ग्रंथ सांगतो, कारण ते गाव पडले की देश उघडा पडतो. मला हाच युक्तिवाद अधिक धारदार वाटतो, पण तोही अखेर लष्करी अंदाजावरच उभा आहे.

पॅलेस्टिनींशी झालेल्या ऑस्लो करारानंतर हिंसाचार वाढला, तेव्हा आपला निर्वाळा या परिस्थितीला लागू नाही, असे खुद्द ओवादियांनीच जाहीर केले.