नाण्याची प्रत आणि नाण्याचे छायाचित्र

नाणेसंग्रहाचा छंद बाळगावयास पुष्कळ द्रव्य लागते, असा एक समज आहे. तो खरा नाही. आपल्या बालाघाटात आजीची पेटी, देवघरातील डबी आणि सोनाराची पेढी ह्या तीन ठिकाणी जुनी नाणी आजही दृष्टीस पडतात. राणीछाप व राजाछाप रुपये, चवल्या, पावल्या, १९४३ ते १९४७ ह्या काळातला भोकाचा पैसा, आणि भाग्य असेल तर एखादी शिवराई किंवा नागपूरकर भोसल्यांच्या वेळचा रुपया. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत हा मुलूख भोसल्यांच्याच अमलाखाली होता. तेव्हा नाणे मिळविणे हे अवघड काम नव्हे. हाती आलेले नाणे कोणत्या प्रतीचे आहे ते खरेपणाने सांगणे आणि तसेच छायाचित्रात दाखविणे, हे अवघड होय.

प्रथम एक सक्त सूचना. नाणे घासू नये. शाळेच्या प्रदर्शनासाठी नाणी मागविली की त्यांतली निम्मी चिंच व राख लावून लखलखीत होऊन येतात. कोकणी घरात वाढलेल्या आम्हांस ह्या हौसेचे नवल वाटत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात तांब्यापितळेवर हिरवा डाग दिसला की आमसुलाचे पाणी तयारच असते. परंतु घागर निराळी आणि नाणे निराळे. वर्षानुवर्षांच्या हवेने धातूवर चढलेले काळपट वा तपकिरी पुट हे नाण्याचे संरक्षण असते. घासण्याने ते जाते, त्याबरोबर पृष्ठभागाचा सूक्ष्म थरही जातो, आणि मागे राहतात त्या बारीक रेघा. त्या भिंगातून तत्काळ दिसतात. अशा नाण्याची प्रत पुन्हा कधीही वर चढत नाही. माती लागली असेल तर स्वच्छ पाण्यात भिजत ठेवून, न चोळता, मऊ कापडाने टिपून घ्यावे. नाणे नेहमी कडेने धरावे, हेही ध्यानात असू द्यावे.

आता प्रतवारीकडे वळू. संग्राहक ज्यास फेअर, गुड, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रा फाइन आणि अनसर्क्युलेटेड म्हणतात, त्या चढत्या पायऱ्या आहेत. गंमत अशी की ‘गुड’ म्हटलेले नाणे प्रत्यक्षात बरेच झिजलेले असते! अमेरिकेत विल्यम शेल्डन ह्यांनी १९४९ मध्ये जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी गुणांची पट्टी सुचविली. ती आता जगभर इतर नाण्यांसही लावतात. पट्टी कोणतीही घ्या, प्रश्न एकच असतो: टाकसाळीतून निघाल्यावर हे नाणे किती झिजले?

झीज पाहावयाची ती सर्वांत उंच भागांवर. पंचम जॉर्जचा रुपया हे ह्याचे उत्तम उदाहरण. वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. राजाचा मुकुट, भुवई, कान आणि मिशी हे भाग प्रथम गुळगुळीत होतात. त्याच्या वस्त्रावरील साखळीत एक चिमुकला हत्ती आहे. १९११ च्या रुपयावर ह्या हत्तीची सोंड इतकी आखूड उमटली की लोकांस तो डुकरासारखा दिसला आणि मोठी ओरड झाली. सरकारला ती नाणी परत घ्यावी लागली आणि १९१२ पासून स्पष्ट सोंडेचा हत्ती आला. विद्यार्थ्यांनी भिंग घेऊन हा हत्ती अवश्य शोधावा. त्याचा कान, सोंड, पाय वेगवेगळे दिसले तर प्रत उंच. नुसती बाह्यरेषा उरली तर मध्यम. आणि तेथे सपाट टेंगूळ असेल तर नाणे पुष्कळ हातांतून फिरलेले आहे, असे निःशंक म्हणावे. तारखेखाली लहानसा ठिपका वा चौकट आहे का, तेही पाहावे. ते मुंबई टाकसाळीचे चिन्ह. कलकत्त्याच्या नाण्यांवर बहुधा चिन्ह नसते.

शिवराईस मात्र हा नियम जसाच्या तसा लावणे अन्यायाचे होईल. ती हातोड्याने पाडलेली. ठसा बहुधा तांब्याच्या तुकड्याहून मोठा असे. त्यामुळे एका बाजूचे ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूचे ‘छत्रपति’ पुरते उमटलेले क्वचितच सापडते. अक्षर कडेबाहेर गेले म्हणजे झिजले असे नव्हे. जी अक्षरे उमटली आहेत त्यांच्या कडा धारदार आहेत की बोथट, एवढेच पाहावे.

आपल्या भागात आणखी एक प्रकार भेटतो. रुपयांच्या माळा करण्याची चाल होती. त्यासाठी नाण्यास कडी डाखून बसवीत. अशा नाण्यास बाजारात ‘खराब’ म्हणतात, मग त्यावरील हत्ती कितीही शाबूत असो. नोंदीत डाखाचा उल्लेख केलाच पाहिजे. तथापि आमच्या मते कडी काढण्याचा खटाटोप करू नये. हा रुपया कोणाच्या तरी गळ्यात होता, हेही त्या नाण्याच्या चरित्रातील एक पान आहे.

छायाचित्रासाठी मोठ्या कॅमेऱ्याची गरज नाही. घरचा मोबाइल पुरतो. सकाळी खिडकीजवळ, थेट ऊन न पडेल अशा जागी, करड्या कागदावर नाणे ठेवावे. कॅमेरा नाण्यास अगदी समांतर असावा. पुस्तकांच्या दोन चळतींवर पट्टी टाकून त्यावर तो ठेवला म्हणजे हात हलत नाही. फार जवळ जाऊ नये, नाही तर कॅमेऱ्याचीच सावली पडते. फ्लॅश वर्ज्य. प्रकाश एका बाजूने, किंचित तिरपा यावा, म्हणजे उठाव दिसतो.

येथेच मोह उभा राहतो. प्रकाश फार तिरपा केला तर बारीक चरेही दरीएवढे दिसतात. उलट पातळ पांढऱ्या कागदातून गाळून घेतला तर घासल्याच्या रेघा नाहीशा होतात आणि मध्यम नाणे उत्तम भासते. म्हणून एकाच नाण्याची दोन छायाचित्रे, दोन प्रकाशांत घ्यावीत. दोन्ही बाजू, शिवाय कड, आणि शेजारी मिलिमीटरची पट्टी. रंग मागाहून उजळवू नये. वहीत वजन, व्यास, सन, प्रत आणि दोष लिहावेत.

नाणे विकावयाचे ठरले तर ही वही उपयोगी पडते. जुन्या नाण्यास लाखो रुपये देतो, तत्पूर्वी शुल्क भरा, असे सांगून फसविणारे पुष्कळ आहेत. त्यांनी रिझर्व्ह बँकेचे नावही वापरले, तेव्हा २०२१ मध्ये बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला. अशा मनुष्यास घरातील नाण्यांची छायाचित्रेदेखील पाठवू नयेत.

शेतात वा नाल्यात काही सापडले तर मात्र वही-प्रतवारी बाजूला ठेवावी. आपल्याच जिल्ह्यात गुंगेरिया येथे १८७० मध्ये तांब्याची ४२४ हत्यारे आणि चांदीचे १०२ पत्रे सापडले. ती नाणी नव्हेत, नाण्यांच्याही पूर्वीची संपत्ती ती. त्यांतल्या काही वस्तू आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, तर काही नागपूरच्या अजब बंगल्यात आहेत. १८७८ च्या निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा, जमिनीत दडलेला ठेवा मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी वर्दी द्यावी लागते. ठेवा न हलविता, जसा पडला आहे तसा, शेजारी पट्टी ठेवून त्याचे छायाचित्र घ्यावे, आणि ते त्या वर्दीबरोबर द्यावे.